दातांच्या दवाखान्यातलं मॅरेथॉन प्रशिक्षण

लांब पल्ल्याच्या धावण्याबद्दल काहीही विचारायचं असेल तर खुशाल मला विचारा. टाच आधी टेकावी की चवडा, चढावर हात कसे हलवावेत, पोटरीत गोळा आला तर काय करावं, पायमोज्याची शिवण कुठे असावी, सगळं मला पाठ आहे. आता मी स्वतः कधी धावलेय का, असं काही खवचट लोक विचारतात. नाही धावले. आमचे डॉक्टर रोज लोकांच्या दाढा काढतात, त्यांच्या स्वतःच्या सगळ्या जागेवर आहेत. म्हणून काय त्यांना दाढेतलं कळत नाही?

तर मी दातांच्या दवाखान्यात बसते. दाराशी माझं टेबल, टेबलावर फोन, समोर खुर्च्यांची रांग आणि त्या रांगेत गाल धरून बसलेली माणसं. नंबर लावायचे, फोन घ्यायचे आणि "फार दुखणार नाही ना हो?" असं कुणी विचारलं की "छे, मुंगी चावल्यासारखं" असं सांगायचं, हे माझं काम. इतकी वर्षं सांगतेय, की नेमकी त्याच वेळी आतून किंकाळी आली तरी माझ्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.

या दवाखान्यात धावण्याची मासिकं कशी आली, तेही सांगते. मध्यंतरी डॉक्टरांना धावण्याचा झटका आला होता. त्यांनी मोठ्या उत्साहात एका मासिकाची कित्येक वर्षांची वर्गणी एकदम भरून टाकली, पहिल्याच रविवारी गुडघा धरून घरी आले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. मासिक मात्र दर महिन्याला येतच राहिलं. ते त्यांना डोळ्यांसमोर नको असतं, म्हणून ते पाकिटातून निघतं आणि थेट बाहेरच्या टेबलावर येतं. दाढ ठणकत असलेल्या माणसाला घामाघूम होऊन हसणारी माणसं बघवत नाहीत. त्यामुळे पेशंट ती मासिकं नुसती चाळतात. वाचते मी एकटी, अगदी बुटांच्या जाहिरातींसकट.

आणि दवाखान्यातलं मासिक कधी सबंध नसतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. कुणी सवलतीचं कूपन फाडून नेतं, कुणी तोंडातला बोळा गुंडाळायला कोपरा फाडतं. या सगळ्यांचे मेरुमणी म्हणजे आमचे कोडेमास्तर. हे एक निवृत्त शिक्षक. नवी कवळी घासून घ्यायला ते वरचेवर येतात, आणि मासिकात शब्दकोडं दिसलं की त्यांना एकदम मोठा खोकला येतो. खोकला थांबतो तेव्हा पान खिशात गेलेलं असतं. मला सगळं दिसतं, पण वयाकडे बघून मी गप्प बसते.

आता घरचं सांगते. घरात मी आणि माझी सून, दोघीच. मुलगा जहाजावर नोकरीला. लग्न झालं, रजा संपली आणि तो समुद्रावर गेला. मागे राहिल्या एकमेकींना धड न ओळखणाऱ्या दोन बायका आणि दोन खोल्या. सूनबाई एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढते. मुलगी गुणाची, पण बोलणं अगदी मोजून मापून.

"आई, दूध तापवू का?"

"तापव."

"आई, येते मी."

"ये."

एवढ्यात आमचा दिवस संपायचा. भांडण झालं असतं तरी मला चाललं असतं, निदान काही विषय तरी निघाला असता. दवाखान्यात दिवसभर बोलून माझं तोंड दुखायचं आणि घरी आल्यावर तेच तोंड गंजायची वेळ यायची. मला ती मुलगी मनापासून आवडली होती, आणि ते तिला सांगायचं कसं तेच मला कळत नव्हतं.

ती रोज पहाटे धावायला जायची. कशासाठी जाते, हेही मी कधी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी ती पलंगावर बसून पोटऱ्या चोळत होती. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बर्फ लाव. पण फडक्यात गुंडाळून, थेट नको. आणि पाय उंचावर ठेव."

घरातल्या फ्रिजनं सल्ला दिला असता तरी ती इतकी चकित झाली नसती.

"तुम्हाला कसं माहीत, आई?"

"वाचते मी," मी म्हटलं. आणि मग जे सुरू झालं ते जेवणं उरकेपर्यंत थांबलं नाही.

तिनं सांगितलं की आमच्या शहरात दर वर्षी अर्ध मॅरेथॉन होते, आणि ती लागोपाठ दोन वर्षं धावलीय. दोन्ही वर्षी तिला पिवळ्या गाडीनं परत आणलं. ही पिवळी गाडी म्हणजे शर्यतीच्या सगळ्यात मागून ठरलेल्या संथ गतीनं येणारी बस. ती कुणालाही ओलांडून पुढे जात नाही. रस्त्यात जो सापडेल त्याला आत बसवून घेते आणि मगच पुढे सरकते. गाडीच्या आधी मैदानात पोचलात तर गळ्यात पदक. गाडीनं गाठलं तर पाण्याची बाटली आणि सांत्वन.

"आत बसलं ना आई, की सगळे एकमेकांकडे न बघता खिडकीबाहेर बघत असतात," ती म्हणाली. "या वर्षीही बसावं लागलं तर मी पुन्हा नाव देणार नाही. ठरवलंय मी."

"बसतेस कशी, तेच बघते," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी तिची प्रशिक्षक झाले. रोज पर्समधून एक अंक घरी न्यायचा, सकाळी परत टेबलावर ठेवायचा. मी वाचून दाखवायची, ती भाजी चिरता चिरता ऐकायची. त्यातून बोलणं इकडे तिकडे जायचं. तिच्या कारखान्यातला साहेब कसा आराखडा उलटा धरून "छान आहे" म्हणतो, ते तिनं सांगितलं. माझा मुलगा लहानपणी दात पडला की तो गिळून टाकायचा, ते मी सांगितलं. एकदा तर ती इतकी हसली, की हातातलं गाजर पलंगाखाली गेलं. मी काय सांगू तुम्हाला, मला कुणी राज्य दिलं असतं तरी त्या गाजराइतका आनंद झाला नसता.

दवाखान्यातही माझा भाव वधारला. येईल त्या पेशंटला मी सांगायची, "माझी सून मॅरेथॉन धावते. मीच तयारी करून घेते." भुलीचं इंजेक्शन घेऊन बाहेर बसलेला माणूस फार उत्तम श्रोता असतो. त्याला मधे बोलताच येत नाही.

शर्यतीच्या आठवड्यात नवा अंक आला. तो माझ्या हाती लागेपर्यंत दोन दिवस टेबलावर फिरलेला होता. उघडते तर मधोमध शर्यतीच्या दिवसावर भला मोठा रंगीत लेख. पहिलं पान कुणीतरी फाडून नेलेलं, पण लेखाचा गाभा शाबूत होता. मोठमोठी छायाचित्रं आणि त्याखाली एकेक ओळ. एकात चकचकीत नव्या बुटांची नाडी बांधणारा तरुण. एकात ताट भरभरून न्याहारी करणारी बाई. एकात बाटलीमागून बाटली पाणी रिचवणारा माणूस. एकात शर्यत सुरू होताच सगळ्यांच्या पुढे सुसाट सुटलेला गडी. आणि शेवटच्या छायाचित्रात रस्त्याकडेच्या बाकावर पाय पसरून निवांत बसलेली बाई, खाली लिहिलेलं, "शेवटच्या चढाआधी घेतलेली बैठक."

आता मागच्या कित्येक अंकांत याच्या बरोबर उलटं लिहिलेलं होतं, हे मला आठवत होतं. पण शास्त्र काही एका जागी थांबत नाही. आमचे डॉक्टरसुद्धा पूर्वी दात आडवे घासा म्हणायचे, हल्ली गोल घासा म्हणतात.

"आई, बूट आधी थोडे दिवस वापरून बघायला नकोत का?" सूनबाईनं विचारलं.

"अगं, छापलंय इथे. फोटोसकट."

"आणि सुरुवातीलाच एवढं जोरात? मी नेहमी हळू सुरू करते."

"आणि नेहमी कशातून परत येतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं, थोडं हसली आणि म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." दुसऱ्याच दिवशी मी स्वतः जाऊन तिला लालभडक बूट आणले. दुकानदार म्हणाला, जरा कडक आहेत, पायाला सवय होऊ द्या. मी म्हटलं, तुम्ही बूट विका, धावण्याचं आम्ही बघतो.

शर्यतीच्या दिवशी उजाडायच्या आतच मी तिला खायला बसवलं. उकडलेले बटाटे, अंडी, केळी, पाव, वर मधाचं दूध. ती "पुरे" म्हणायची आणि मी "अजून एक" म्हणायची. त्यानंतर पाणी. शेवटचा पेला संपवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला वाटलं भावनेनं आलं. मग बूट. मैदानावर गेल्यावर गर्दीतून वाट काढून मी तिला सगळ्यात पुढच्या रांगेत उभी केली. तिच्या डावीउजवीकडे काटकुळी, अवाक्षर न बोलणारी, फक्त पाय झटकणारी मंडळी उभी होती. त्यांच्यात माझी सून उठून दिसत होती. पोट जरा पुढे आलं होतं, पण ते बटाट्यांमुळे.

शिट्टी झाली आणि सूनबाई सुटली. अहो, काय सुटली! तो लाल रंग बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेला. मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून सांगितलं, "ती पहिली आहे ना, ती माझी सून." ती म्हणाली, "हो का? माझा मुलगा मागून दुसरा आहे." मला तिची कीव आली.

नंतर मी पाण्याच्या टेबलावर गेले. तिथे कागदी पेले भरून ठेवायला माणसं हवी होती, म्हणून मी आधीच नाव दिलं होतं. आमचं टेबल शर्यतीच्या शेवटच्या वळणावर. तिथून रस्ता सरळ पुलाकडे जातो. पुलाचा चढ चढायचा, उतरायचं, की समोर मैदान. पुलाच्या पायथ्याशी एक बाक आहे. तो मी आदल्या दिवशी जाऊन बसून बघितला होता. बैठकीला झकास.

काटकुळी मंडळी आली आणि गेली. त्यांच्यात सूनबाई नव्हती. मग जरा अंगानं भरलेली मंडळी आली. मग गप्पा मारत धावणाऱ्या दोन मैत्रिणी आल्या. मग एक आजोबा आले, त्यांनी पेला घेऊन आभारही मानले. मग मघाच्या बाईचा तो मागून दुसरा मुलगा आला. पाणी प्यायला, हसला आणि पुढे गेला. रस्ता रिकामा होत चालला, तसा माझ्या हातातला पाण्याचा जग जड व्हायला लागला. "असेल, येत असेल," असं मी मोठ्यानं म्हटलं. कुणीही विचारलं नव्हतं.

आणि मग ती आली. लाल बूट पायांत नव्हते, एका हातात होते. नुसत्या मोज्यांवर, एक पाय ओढत, दुसऱ्या हातानं पोट धरून येत होती.

"काय गं झालं?"

"बूट चावले," ती म्हणाली. "आणि पोट डचमळतंय. आणि वाटेत तीनदा जावं लागलं, आई. लांबच लांब रांग होती."

"पाणी घे."

"पाणी नको," ती इतक्या कळकळीनं म्हणाली, की मी पेला मागे घेतला. "गाडी किती मागे आहे?"

मी वळणापलीकडे मान लांब करून बघितलं. "दिसत नाही अजून. तू घाबरू नकोस. पुढे बाकावर आपल्या ठरल्याप्रमाणे बैठक घे, मग चढ सोपा जाईल."

तिनं मान हलवली आणि फरपटत पुढे गेली. तिच्या पाठीकडे बघून मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण मी स्वतःला सावरलं. प्रशिक्षकानं खचायचं नसतं, असं मागच्या एका अंकात होतं.

एवढ्यात मागून आवाज आला, "बरं झालं भेटलात. एक शब्द अडलाय." सकाळी फिरायला निघालेले कोडेमास्तर. कोटाच्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "उभा शब्द आहे. चार अक्षरं. पहिलं अक्षर मिळालंय."

कोडं त्यांच्या बाजूला होतं. माझ्या बाजूला, म्हणजे पानाच्या पाठीवर, ठसठशीत लाल अक्षरं होती. "हातची शर्यत घालवणाऱ्या चुका. यातली एकही करू नका." खाली एका धावपटूचं चित्र, कपाळाला हात लावलेला.

"मास्तर, हे पान कुठलं?"

मास्तरांना मोठा खोकला आला.

"मास्तर."

"तुमच्याच दवाखान्यातलं," ते पडेल आवाजात म्हणाले. "पण कोडं संपलं की परत आणून ठेवणार होतो."

मला मास्तरांवर रागवायला वेळच नव्हता. माझ्या डोळ्यांपुढून एकेक छायाचित्र सरकलं. बूट, न्याहारी, पाणी, सुसाट सुरुवात. मी त्या मुलीकडून एकही चूक सुटू दिली नव्हती. नेमानं, प्रेमानं सगळ्या करून घेतल्या होत्या. आणि शेवटची अजून व्हायची होती. थकलेला माणूस चढाआधी बसला की त्याचे पाय आखडतात आणि मग तो उठत नाही, हे एका जुन्या अंकात मी स्वतः वाचलं होतं. मी बाकाच्या दिशेनं बघितलं. सूनबाई जवळजवळ तिथे पोचली होती. मी वळणाकडे बघितलं. तिथून पिवळं नाक बाहेर आलं होतं.

मी जग मास्तरांच्या हातात दिला आणि धावले.

टाच आधी टेकावी की चवडा, हे मला आजही तोंडपाठ आहे. पण त्या वेळी पायांनी मला विचारलंच नाही. एक चप्पल पहिल्याच झेपेत गेली, दुसरी मी रागानं सोडून दिली. पर्स गळ्यात होती, ती दर पावलाला पाठीत धपाटा घालत होती. श्वास नाकानं घ्यावा की तोंडानं यावर मी पूर्ण लेख वाचलाय. मी दोन्हीकडून घेत होते आणि तरी पुरत नव्हता. "बसू नकोस!" मी ओरडले. निदान मला तसं ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते नुसतं "ऊं ऊं", भूल दिलेल्या पेशंटसारखं.

बाजूला घरघर झाली. पिवळी गाडी माझ्याशी समांतर आली होती. चालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"या बाई, बसा आत."

"मी धावपटू नाही," मी कसंबसं म्हटलं.

"ते दिसतंयच. पण रस्त्यात आहात ना? तुम्हाला घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नियम आहे."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी रस्त्याच्या मधोमध आले.

"छातीवरचा नंबर कुठाय तुमचा?" त्यानं विचारलं.

"पर्समध्ये."

"बाई, बाजूला तरी व्हा."

तेव्हा मी त्याचा चेहरा नीट बघितला. डावा गाल किंचित सुजलेला. एकदा दाढ दाखवून गेलेला आणि मग तीनदा नंबर लावून तीनदा न आलेला आमचाच पेशंट.

"तुमची अक्कलदाढ अजून तिथेच आहे, नाही का?" मी धापा टाकत म्हटलं. "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा लावू का?"

डोकं आत गेलं. गाडी निमूटपणे माझ्या मागे आली आणि माझ्या गतीनं, म्हणजे जवळजवळ गती नसल्यासारखी, चालायला लागली. आत बसलेली हरलेली मंडळी खिडकीबाहेर बघायची सोडून पुढच्या काचेशी गोळा झाली आणि चक्क टाळ्या वाजवायला लागली. कुणीतरी "चला काकू" असंही म्हणालं. माझी मान, खरं सांगते, त्याही अवस्थेत ताठ झाली.

पुढे सूनबाई बाकावर टेकलेली होती. पाय पसरले होते, डोकं खाली, अगदी छायाचित्रात होतं तसंच. मी दोन्ही हात वर करून हलवले. गळ्यातली पर्स काढून हवेत गरगरा फिरवली. घशातून आवाज काढला. आणि तिनं मान वर केली.

तिला काय दिसलं असेल, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. अनवाणी सासू, केस सुटलेले, चेहरा लालबुंद, हातात पर्स गरगरतेय, आणि मागे अख्खी बस. मुलगी ताडकन उठली. बूट बाकावरच राहिले. पायाला काही चावलंय, पोटात काही डचमळतंय, हे सगळं ती विसरली आणि पुलाच्या चढावर अशी पळाली, की सकाळची सुरुवात त्यापुढे काहीच नव्हती.

मीही पळत राहिले. आता थांबले असते तर गाडी पुढे गेली असती. चढावर हात कसे हलवावेत ते मला पाठ आहे, पण माझा एक हात पुलाच्या कठड्यावर होता आणि दुसरा कमरेवर. उतारावर मात्र मला काही करावंच लागलं नाही, उतारानंच मला खाली नेलं. मैदानाच्या फाटकातून मी आत पडले तेव्हा सूनबाईच्या गळ्यात पदक पडलेलं होतं. गाडी माझ्या मागून आली. फाटकावरच्या माणसानं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि घड्याळ खिशात ठेवून दिलं.

मी गवतावर आडवी झाले. माझ्या तोंडावर एक सावली आली. सूनबाई.

"ते चुकांचं पान होतं गं," मी म्हटलं. मला रडायला यायला लागलं. "मी तुझ्याकडून सगळ्या चुका करून घेतल्या. बसू नकोस, हे सांगायला आले होते."

ती माझ्या शेजारी बसली. "मला वाटलंच होतं, आई. नवे बूट कुणी शर्यतीला घालतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

ती गवत उपटत राहिली. "तुम्ही रोज माझ्यासाठी वाचून यायचा. घरी माझी वाट बघायचा. मी नाही म्हटलं असतं आणि तुम्ही परत गप्प झाला असता तर?"

मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. तिनंही तो सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकवाला माणूस धावत आला. मंचावरून त्यानं शेवटची ती झेप बघितली होती. त्यानं तिच्या तोंडाशी माइक धरला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, शेवटच्या चढावर भलेभले चालत येतात. तुमच्यात एवढा वेग आला कुठून?"

सूनबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"मागे सासूबाई होत्या," ती म्हणाली.

मैदान हसून हसून लोळायचं बाकी होतं. पिवळ्या गाडीतली माणसंसुद्धा खाली उतरून हसत होती. हसू देत. जगातल्या कुठल्याही मासिकात ही युक्ती छापलेली नाही, आणि प्रशिक्षणाचा भाग म्हणून मी ती बिनदिक्कत माझ्या नावावर मोजते. कुणीतरी आमचा फोटो काढला, तो आता दवाखान्यात माझ्या टेबलावर आहे. तिच्या गळ्यात पदक आहे आणि तिनं मोठ्या लाडानं माझ्या खांद्यावर हात टाकलाय. पेशंट विचारतात, "सुनेचा फार जीव दिसतो तुमच्यावर?" मी नुसती हसते. तळपायांना आलेल्या फोडांमुळे तिला तेव्हा उभंच राहता येत नव्हतं, हे त्यांना सांगायची मला काही गरज वाटत नाही.